भिलाईतलं शटडाउन आणि आमची एट हंड्रेड

भिलाईत पोस्टिंगला आल्यावर पहिल्या महिन्यातच एक नवा शब्द कानावर पडला, 'कॅपिटल रिपेअर'. दूधवाला सांगायचा, भाऊ हल्ली रात्री उशिरा येतो, कॅपिटल रिपेअर चालू आहे. किराणा दुकानात दोन पेन्शनर बोलत होते, ते पण अमुक साली कॅपिटल रिपेअरच्या वेळी काय झालं त्याबद्दल. मला आधी वाटलं, भांडवलाचा काही मामला असेल. शेवटी शेजारच्या ककांना विचारलं. छत्तीसगडीत काकाला कका म्हणतात. हे कका भिलाई स्टील प्लांटमधून फिटर म्हणून रिटायर झालेत आणि प्लांटचंच क्वार्टर लीजवर घेऊन राहतात. त्यांनी समजावलं की झोतभट्टी ठरवून बंद करायची, आतलं झिजलेलं विटांचं अस्तर काढून नवं चढवायचं, पाइप, व्हॉल्व्ह, सगळं उघडून बघायचं आणि मग पुन्हा पेटवायची. बिघडली म्हणून नव्हे, तर बिघडू नये म्हणून. रशियन भाषेत मोठ्या दुरुस्तीला 'कापिताल्नी रेमोंत' म्हणतात. रशियन इंजिनिअरांबरोबर ती पद्धत आली आणि शब्दही आला.

मी पायदळातला माणूस. डी अँड एम कोर्स केलेला, बरीच वर्षं पलटणीच्या एमटीत काढलेली, आणि आता एनसीसीत पीआय स्टाफ म्हणून इकडे. सकाळी पोरांची ड्रिल, दुपारी कागद. पलटणीच्या मानाने वेळ बराच मिळतो. त्या वेळेत मी दोन कामं केली. एक म्हणजे नागपूरहून सेकंडहँड मारुती एट हंड्रेड आणली, २००८ चं मॉडेल. दुसरं म्हणजे तिची सगळी रुटीन सर्व्हिसिंग स्वतः करायला लागलो. बॉनेट उघडून बसलेला दिसलो की कका कुंपणापलीकडून विचारतात, "क्या सर, शटडाउन ले लिए का?" हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. यंत्र ठरल्या वेळी थांबवून बघायची ही सवय आली कुठून, आणि आपल्याकडे गाडी असणाऱ्या माणसाच्या हातात ती का आली नाही, हे मला शोधायचं होतं.

आधी भिलाईबद्दल थोडं. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यात कारखान्याचा करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर १८५४ पर्यंत होती, बिंबाजी भोसले रतनपुरात बसून इथला कारभार बघत. त्यामुळे दुर्ग-राजनांदगाव भागात आजही मराठी घरं आहेत आणि सुपेल्यात एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी बिनधास्त मराठीत भाव करतो. करारानंतर चार वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सुरुवातीची क्षमता १० लाख टनांची. खनिज दल्ली-राजहऱ्याहून, चुनखडी नंदिनीहून. रेल्वेचे रूळ इथेच बनतात हे बहुतेकांना माहीत असतं. आमच्या एट हंड्रेडचा पत्रा मात्र भिलाईचा नसणार, कारण इथे रूळ, जाड प्लेटा, गर्डर आणि तारेच्या सळया बनतात, गाडीचा पातळ पत्रा वेगळ्या गिरणीत लाटावा लागतो. हे ककांनी मला दोनदा ऐकवलंय, दुसऱ्या वेळी जरा दुखावून.

कराराच्या वेळी आजूबाजूला भातशेती होती. ज्यांनी विळा, नांगर आणि बैलगाडी यांपलीकडे यंत्र पाहिलं नव्हतं, अशा घरांतली पोरं भट्टीवर कामाला लागली. शेकडो भारतीय इंजिनिअर आणि कामगार शिकायला रशियात गेले, रशियन तज्ज्ञ कुटुंबासह भिलाईत राहिले. रशियन पद्धतीत 'ठरवून केलेली प्रतिबंधक दुरुस्ती' असं एक पूर्ण शास्त्र होतं. किती तास चालल्यावर छोटी तपासणी, किती तासांनी मधली दुरुस्ती, कधी कॅपिटल. यंत्र उत्तम चालत असतानाही तारीख आली की थांबवायचं. शेतकऱ्याच्या पोराला हे पटायला जड जातं. चालत्या मोटेला कोण थांबवतं? ककांच्या वडिलांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, "चालू आहे तर बंद कशाला करता?"

आता फौजेचं बघू. आमच्याकडे हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने आली, युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराला कळलं की गाड्या शत्रूच्या गोळ्यांपेक्षा हेळसांडीने जास्त मरतात, आणि हुशार कारागीर वाटेल त्या कामाला लावलेले असतात. १९४१ मध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या समितीने हे तपासलं. हो, तेच बेव्हरिज, ज्यांच्या पुढच्या अहवालावर इंग्लंडची सामाजिक सुरक्षा उभी राहिली. त्यातून १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळी कोअर निघाली आणि १९४३ मध्ये भारतात आपली ईएमई. पण वर्कशॉप कितीही चांगलं असलं तरी गाडी रोज ज्याच्या हातात असते तो ड्रायव्हर. म्हणून ड्रायव्हरसाठी टास्क सिस्टम आली. गाडीचे भाग आठवड्याच्या दिवसांत वाटून टाकायचे. आज बॅटरी आणि वायरिंग, उद्या स्टिअरिंग, परवा ब्रेक, असं. सगळी गाडी एका दिवसात बघायची झाली तर कुणी नीट बघत नाही, हे त्या पद्धत बनवणाऱ्याला माहीत होतं. तो नक्की कधीतरी सार्जंट असणार.

टास्कच्या जोडीला तीन परेड. निघण्याआधी फर्स्ट परेड, म्हणजे इंजिन ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, हवा, दिवे, आणि गाडीखाली वाकून जमिनीवर ओलं काही पडलंय का ते. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, त्यात चारही चाकांच्या हबला हात लावून बघायचा. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. आणि परत आल्यावर लास्ट परेड. ज्या रंगरूटांच्या बापजाद्यांनी फक्त बैल आणि खेचरं हाकली होती त्यांना हे शिकवलं गेलं, आणि ते लगेच शिकले. माझा अंदाज असा की जनावर सांभाळणाऱ्याला हे नवीन नव्हतंच. बैलाच्या खुरात खडा आहे का, खांदा सोलला आहे का, हे आमच्याकडे गाडी जुंपण्याआधी बघतातच. ते पण फर्स्ट परेडच. फौजेच्या कोर्सच्या नावातही 'ड्रायव्हिंग' आणि 'मेंटेनन्स' एकत्रच आहेत. नुसतं चालवायला शिकवणारा कोर्स फौजेत मी पाहिला नाही.

मोटारीच्या जन्मापासून हे दोन्ही एकत्रच होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फॉर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने हॅटच्या पिनने साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांना कातडं मारून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून हे सांगतात. मला तो पहिला हॉल्ट परेड वाटतो. पुढे १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या, घेणारे बरेचसे शेतकरी. तिचं मॅन्युअल प्रश्नोत्तरांत लिहिलेलं होतं, समजा तुमच्या शेजाऱ्याला विचारताय तसं. कंपनीने धरूनच चाललं होतं की मालक स्वतः पाना हातात घेईल.

आपल्याकडे मोटार आली ती राजेरजवाड्यांकडे आणि साहेबांकडे. मालक मागे बसणार, पुढे शोफर. शोफर या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी भट्टी पेटवणारा. मालकाने बॉनेट उघडणं म्हणजे कमीपणा. ट्रकवर तर आणखी एक पायरी खाली उतरली, ड्रायव्हरच्या हाताखाली क्लीनर आला. आमच्या गावाकडे त्याला किन्नर म्हणायचे. ग्रीस मारणं, चाक खोलणं, ऑइल काढणं हे त्याचं काम. ज्याच्या नावावर गाडी त्याचे हात स्वच्छ, आणि ज्याचे हात काळे त्याच्या नावावर काहीच नाही. जातीची उतरंड आपण मोटारीलाही लावली, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला कडू लागेल, लागू दे.

याला अपवाद होते. आमच्या साताऱ्याकडे विहिरीवरचं इंजिन हा मोठा अपवाद. किर्लोस्करांचं ऑइल इंजिन ज्या शेतकऱ्याकडे होतं, तो ऑइल स्वतः बदलायचा, नोझल साफ करायचा, हँडल मारून आवाजावरून सांगायचा की काय बिनसलंय. माझे चुलते चौथी शिकलेले, पण टॅपेटचं अंतर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने जमवायचे. आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचं नाव घेतलंच पाहिजे. देश नुकता स्वतंत्र होत होता त्या काळापासून पुढे वीसेक वर्षं या माणसाने सामान्य माणसाला परवडेल अशा छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः बनवले. गाडीचं नाव 'मीरा'. ती कधी कारखान्यातून बाजारात आली नाही. १९६० च्या सुमारास दिल्लीत सरकारी समित्या छोट्या गाडीवर अहवाल लिहीत होत्या, तेव्हा इचलकरंजीत एक गाडी रस्त्यावर चालून दाखवत होती.

बाजारात होत्या त्या फियाट आणि अँबेसिडर. फियाट मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीत बनायची, तिचीच पुढे पद्मिनी झाली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. त्या गाड्यांना सतत हात लावावा लागायचा. पुढच्या चाकांजवळ ग्रीसच्या निपल, त्यात पिचकारीने ग्रीस भरायचं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासायचे, नाहीतर पावसाळ्यात गाडी सुरू व्हायची नाही. त्यामुळे फियाटवाल्या मध्यमवर्गीयाला थोडंफार यायचं. पॉइंट घासायला काड्यापेटीची कड वापरणारे मास्तर मी लहानपणी पाहिलेत.

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या मारुतीची किल्ली दिली. किंमत ४७,५०० रुपयांच्या आसपास. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सुझुकीचं. हरपाल सिंग यांनी ती गाडी २०१० मध्ये वारले तोपर्यंत जपली. या गाडीने दोन गोष्टी केल्या. एक चांगली, लाखो माणसं मागची सीट सोडून पुढे बसली आणि मालक स्वतः चालवू लागला. दुसरी गोष्ट कुणी मुद्दाम केली नाही, पण झाली. गाडी इतकी कमी बिघडायची की बॉनेट उघडायचं कारणच उरलं नाही. ग्रीसच्या निपल गेल्या, नंतरच्या मॉडेलात पॉइंटही गेले, २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. सर्व्हिस बुक आलं, शिक्के आले. मालकाने गाडी द्यायची, संध्याकाळी धुतलेली परत घ्यायची. चालवणं मालकाकडे आलं आणि सांभाळणं पुन्हा दुसऱ्याकडे गेलं.

गंमत म्हणजे फौजेत याच घराण्याची गाडी आली आणि तिथे उलटं झालं. जिप्सी १९८५ च्या शेवटी बाजारात आली, नव्वदच्या दशकात फौजेत शिरली, आणि पुढे ३०,००० हून जास्त फौजेने घेतल्या. सुरुवातीच्या जिप्सीचं ९७० सीसीचं इंजिन एट हंड्रेडच्या इंजिनाचा सख्खा भाऊ. तीच जपानी कमी-कटकट यंत्रं, पण फौजेत रोज फर्स्ट परेड होतीच. म्हणून एट हंड्रेडचं बॉनेट उघडल्यावर मला परकं काही वाटलं नाही. उलट वाटलं, जिप्सीचा एक सिलिंडर कुठे गेला.

आता मी काय करतो ते. दर ५,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर. गाडी दहा मिनिटं चालवून आणायची म्हणजे ऑइल पातळ होतं. मग सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकवर चढवल्यावर खाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा माणूस मूर्ख, मग तो कितीही वर्षांचा मिस्त्री असो. इथे ककांनी माझ्या फौजी पद्धतीत एक भर घातली. प्लांटमध्ये शटडाउन घेताना वीज तोडून तिथे टॅग लावतात, आणि काम करणाऱ्यानेच तो काढायचा असतो. कका मला बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावतात आणि किल्ली माझ्याच खिशात ठेवायला लावतात. एकदा माझ्या मुलीने गंमत म्हणून किल्ली मागितली तेव्हा कका तिच्यावर असे ओरडले की ती रडली. नंतर तिला चॉकलेटही त्यांनीच आणून दिलं. कारण मी विचारलं नाही. चाळीस वर्षं रोलिंग मिलच्या आसपास काढलेल्या माणसाला ते विचारायचं नसतं.

फिल्टर हाताने आवळायचा, रबरी रिंगला नव्या ऑइलचं बोट लावून. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालायचा, तो काही रुपयांना मिळतो आणि नाही घातला तर अंगणात डाग पडतो. तीन लिटरच्या डब्यातलं थोडं ऑइल उरतं. ते टॉपअपला. काढलेलं काळं ऑइल त्याच डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे, जो ते गोळा करणाऱ्याला देतो. नाल्यात कधीच नाही. तीन प्लग खोलून रंग बघायचा, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. एअर फिल्टर इथे लवकर भरतो, उन्हाळ्यात त्यावर लालसर-काळी धूळ बसते. कूलंट मे महिन्याच्या आधी. टायमिंग बेल्टला मी हात लावत नाही, ते काम मिस्त्रीचं. फौजेतही असंच असतं, युनिटचं युनिटने, त्यावरचं ईएमईने, आणि अगदी उघडून पुन्हा जन्माला घालायचं असेल तर खडकीच्या बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी.

एवढं सगळं कशाला, गॅरेजला दिली तर काय होतं, असं माझे मेहुणे विचारतात. त्यांना मी ब्रेक ऑइलची गोष्ट सांगतो. गाडी घेतली तेव्हा सर्व्हिस बुकातले शिक्के झकास होते. शेवटच्या शिक्क्यात ब्रेक ऑइल बदलल्याची टिकही होती. झाकण उघडलं तर आतलं ऑइल काळ्या चहासारखं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० आहे. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर चाकाजवळ एवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. आम्हाला दिवाळीला भिलाईहून नागपूर, संभाजीनगर, पुणे करत साताऱ्याला जायचं होतं. शेवटी खंबाटकी. गाडीत मी, बायको, मुलगी आणि आई.

नवं ऑइल घातलं, ककांनी पेडल मारलं, मी चाकांपाशी निपल सोडून हवा काढली. मग रोजची फर्स्ट परेड. चौथ्या दिवशी ब्रेक ऑइलची पातळी नखभर खाली दिसली. तोवर पेडल टणक, गाडी झकास थांबत होती. सहाव्या दिवशी आणखी नखभर. खाली जमीन कोरडी. मागचे ड्रम काढले तर डाव्या चाकाच्या व्हील सिलिंडरचं रबर ओलं, ऑइल आतल्या आत ब्रेक शूवर झिरपत होतं. रोज न बघणाऱ्याला नखभर पातळी गेलेली कळत नाही. जे कळतं ते घाटात. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शू सुपेल्यातल्या मिस्त्रीकडून बदलून घेतले, मी शेजारी उभा राहून. राजनांदगावच्या पुढे पहिल्या चहाला थांबलो तेव्हा चारही चाकांना हात लावून आलो. आई म्हणाली, "काय रे, नमस्कार करतोस का गाडीला?"

माझी इथली मुदत संपत आली आहे. पुढची पोस्टिंग फील्डची, तिथे कुटुंब नेता येणार नाही. मुलीची शाळा इथे चांगली लागली आहे, म्हणून दोघी भिलाईतच राहणार, गाडीही. बायको लायसन्स काढून दोन वर्षं गाडी चालवतेय, पण बॉनेट माझ्याकडे होतं. सहा महिन्यांपूर्वी तीच म्हणाली, "अहो, तुम्ही गेल्यावर हे कोण बघणार? ककांचे गुडघे दुखतात." तेव्हापासून तिची टास्क सिस्टम सुरू आहे. मुलीच्या जुन्या वहीची उरलेली पानं, त्यावर वारांचे रकाने. सोमवार ऑइल आणि पाणी, मंगळवार हवा, बुधवार ब्रेक ऑइल, गुरुवार बॅटरी, शुक्रवार दिवे आणि वायपर, शनिवार गाडीखाली पुठ्ठा टाकून रविवारी सकाळी त्यावर डाग बघायचा. पुठ्ठ्याची कल्पना तिची, आमच्या एमटी पार्कात कुणाला सुचली नव्हती. पहिले काही आठवडे मी मागे उभा राहायचो. आता ती मला उभं राहू देत नाही.

परवा ती वही चाळली. मंगळवारच्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलंय, मागच्या डाव्या चाकात हवा तीन पौंड कमी, खिळा नाही, साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हमधून बुडबुडे, पिन बदलून घेतली, वीस रुपये.